ड्रॉइंग कच्चं असतानाच पुरवठादार: पैसे मोजून घेतलेल्या एका सेवेबद्दल

पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच. आधी हे सांगतो की मी डिझाइनवाला नाही, खरेदी विभागातला आहे. तीन कोटेशनं टेबलावर मांडून तिघांना एकमेकांच्या भावावर झुंजवणं हा माझा धंदा, आणि खरं सांगायचं तर आवडही. अशा माणसाने 'पुरवठादार आधी ठरवा, भागाचा भाव नंतर' या प्रकाराला चार गुण द्यावेत, हे माझ्याच टीममधल्या पोरांना अजून पचलेलं नाही.

सेवा देणारी कंपनी प्लास्टिक मोल्डिंगची. स्वतःची टूलरूम (स्टीलचे साचे बनवायची जागा), स्वतःची मशीनं, आणि वरून नवीन उत्पादनाच्या विकासात सुरुवातीपासून सहभाग देण्याचं वेगळं पॅकेज. कंपनीचं नाव देत नाही. एक तर गोपनीयतेचा करार आहे, दुसरं म्हणजे खाली तक्रारीही लिहिल्या आहेत. अशी सेवा देणारे आता बरेच झालेत. निवडताना काय बघायचं, एवढं यातून मिळालं तरी पुरे.

आमचं उत्पादन म्हणजे पाण्याच्या टाकीत सोडियम हायपोक्लोराइटचं (पाणी शुद्ध करणाऱ्या क्लोरीनच्या रसायनाचं) द्रावण थोडं थोडं सोडणारा छोटा डोसिंग पंप. भिंतीवर बसतो. हाऊसिंग, मागचं झाकण आणि पंपाचं हेड हे तीन मोठे प्लास्टिकचे भाग. आत मोटर, सर्किट बोर्ड, डायफ्राम (द्रावण ढकलणारा लवचिक पडदा), व्हॉल्व्ह. हाऊसिंगला आयपी ६५ हवं होतं, म्हणजे धूळ अजिबात आत जायला नको आणि पाण्याचा फवारा बसला तरी आत थेंब नको.

नेहमीची रीत सगळ्यांना माहीत आहे. डिझाइनर मॉडेल काढतो, वरचे सही करतात, ड्रॉइंग पक्कं होऊन माझ्याकडे येतं, मी ते तिघांकडे धाडतो, सगळ्यात स्वस्त असेल त्याला ऑर्डर. मग तो ऑर्डर खिशात घालून निवांतपणे म्हणतो, "साहेब, हे असं नाही निघणार." तिथून बदलांची रांग लागते. प्रत्येक बदलाला वेगळं बिल, आणि प्रत्येक वेळी लाँचची तारीख पुढे. पुरवठादाराला काय म्हणायचंय हे विचारायची वेळ येते तेव्हा साच्याचं स्टील कापून झालेलं असतं. वरातीमागून घोडं.

या पॅकेजमध्ये ते आधी येतात. आकार अजून कच्चा आहे, भिंती कुठे हे साधारण ठरलंय, पण टॉलरन्स (माप किती इकडेतिकडे चालेल ती मर्यादा) टाकलेले नाहीत, अशा अवस्थेत त्यांना थ्रीडी मॉडेल आणि गरजांची यादी द्यायची. ते भागागणिक अहवाल देतात, मोल्डफ्लोचं सिम्युलेशन करतात (साच्यात प्लास्टिक कसं वाहील ते संगणकावर बघतात), साच्याची कच्ची मांडणी काढून दाखवतात, आणि मग दोन्हीकडचे लोक समोरासमोर बसतात. या सगळ्याची फी लागते. साच्याची ऑर्डर त्यांनाच दिली तर ती त्यातून वजा होते. नाही दिली तर अहवाल आमचा, आम्ही तो कुणाकडेही घेऊन जाऊ शकतो.

या फीवरून आमच्याकडे बरीच कुरकुर झाली. "दुसरे तर फुकट सल्ला देतात," असं वित्त विभागाने दोनदा लिहून पाठवलं. माझं मत नेमकं उलटं आहे आणि या अनुभवाने ते पक्कं झालं. फुकट सल्ला देणारा ती वसुली भागाच्या भावातून करतोच, पण त्याहून वाईट म्हणजे तो त्याच्या सोयीचं तेवढंच सांगतो. एखादा भाग रद्दच करून टाका, असं तो कशाला सांगेल? त्याचं पोट त्या भागावर आहे. ज्याला विचार करण्याचे वेगळे पैसे मिळतात, त्याला मी हक्काने विचारू शकतो की हे का, ते का नाही. आमच्या बाबतीत त्यांनी खरोखरच एक भाग उडवला. व्हॉल्व्ह धरून ठेवणारी वेगळी रिंग होती, ती हेडच्याच साच्यात घेतली. एक साचा कमी म्हणजे त्यांचंच एक बिल कमी.

पहिल्या बैठकीला विक्रीवाला एकटाच आला असता तर मी तिथेच विषय संपवला असता. ही माझी पहिली कसोटी: टेबलावर कोण येऊन बसतं ते बघायचं. इथे त्यांच्या टूलरूमचे फोरमन आले. वयस्कर गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणत होते, आम्हीही दुपारपर्यंत म्हणायला लागलो. लॅपटॉपवर मॉडेल फिरत होतं आणि काका काहीच बोलत नव्हते. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, स्क्रीनवरच्या एका क्लिपला टोक लावलं आणि आमच्या डिझाइनर मॅडमना विचारलं, "मॅडम, हिच्या खाली स्टील कुठून येणार?"

साच्याशी संबंध नसलेल्यांसाठी दोन वाक्यं. साचा दोन अर्ध्यांत उघडतो. भागावर आकड्यासारखा काही आकार असेल, तर त्या आकड्याच्या पोटात शिरलेलं स्टील सरळ बाहेर निघत नाही, आडवं सरकवावं लागतं. त्यासाठी स्लायडर किंवा लिफ्टर लावायचा, म्हणजे साचा महाग, देखभाल जास्त, आणि झिजला की फ्लॅश, म्हणजे फटीतून बाहेर आलेली प्लास्टिकची पातळ कड. हाऊसिंगच्या आतल्या बाजूला अशा क्लिपा चारही बाजूंनी होत्या.

काकांचा उपाय जुना आहे, टूलरूममधल्या कुणालाही माहीत असलेला: क्लिपच्या बरोबर खाली तळाला खिडकी ठेवा, मग समोरच्या अर्ध्याचं स्टील त्या खिडकीतून वर येऊन क्लिपचं पोट घडवेल, आडवं काही सरकवावं लागणार नाही. मॅडम लगेच म्हणाल्या, "काका, खिडकी ठेवली तर पाणी आत. आयपी ६५ आहे." काका गप्प. कागद मागवला. त्यावर गॅस्केटची (पाणी अडवणाऱ्या पट्टीची) रेघ काढली आणि क्लिपा त्या रेघेच्या बाहेर, झाकणाच्या कडेला नेऊन ठेवल्या. गॅस्केटच्या बाहेर कितीही खिडक्या असोत, पाणी आत जायचा प्रश्नच नाही. सगळे स्लायडर गेले. ही गोष्ट एकट्या काकांना सुचली नसती आणि एकट्या मॅडमनाही नाही. एकाला स्टील दिसत होतं, दुसरीला पाणी. ड्रॉइंग पक्कं करून पाठवलं असतं तर त्या क्लिपा तशाच राहिल्या असत्या, कारण कोटेशन देणारा स्लायडर मोजतो आणि भावात धरतो, क्लिप तिथे का आहे ते विचारत नाही.

त्याच बैठकीत बाह्य पृष्ठभागाच्या टेक्स्चरवरूनही वाद झाला. भाग साच्यातून सुटावा म्हणून आमच्या मॉडेलमध्ये भिंतींना अर्धा अंश उतार होता. टेक्स्चर जितकं खोल तितका उतार जास्त लागतो, ०.०२५ मिलिमीटर खोलीमागे साधारण एक ते दीड अंश जास्तीचा. नाहीतर भाग बाहेर निघताना टेक्स्चर ओरखडलं जातं. मॅडमना उतार वाढवायचा नव्हता, कारण समोरून डबा तिरका दिसतो. शेवटी बाजूच्या भिंती गुळगुळीत आणि टेक्स्चर फक्त समोर, यावर तडजोड झाली. मला स्वतःला आधीचं रूप जास्त आवडलं होतं. असो.

सगळ्यात जास्त पैसे वाचले ते हेडमध्ये, तेही एका कंटाळवाण्या आकड्यावरून. हेडला १० बार दाब सहन करायचा होता म्हणून ते ९ मिलिमीटर जाडीचं, भरीव काढलं होतं. जाड म्हणजे मजबूत, हा धातूकामातून आलेला विचार. प्लास्टिकमध्ये जाड भाग आतून उशिरा थंड होतो, बाहेरचं कवच आधी गोठतं आणि मधे पोकळी राहते. दाब आला की चीर तिथूनच सुरू होते. शिवाय थंड व्हायचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर वेळ चौपट. मोल्डिंगच्या सायकलमधला (एक भाग काढायला लागणाऱ्या वेळातला) मोठा हिस्सा थंड होण्यातच जातो आणि भागाचा भाव सायकलवर ठरतो. त्यांनी भिंत साडेतीन मिलिमीटरवर आणली आणि मागून रिबांचं, म्हणजे आधाराच्या पातळ पट्ट्यांचं, जाळं दिलं. रिबची जाडी भिंतीच्या निम्म्याच्या आसपास, नाहीतर समोर सिंक मार्क, म्हणजे खळगा दिसतो. थंड होण्याचा वेळ सहाव्या-सातव्या हिश्श्यावर आला. दाबाची चाचणी आम्ही प्रोटोटाइपवर करून घेतली आणि मगच मान्य केलं. सिम्युलेशनमधला लाल-निळा नकाशा दाखवून कुणी माझ्याकडून सही घेऊ शकत नाही.

टॉलरन्सबद्दल एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. हेडच्या तोंडाशी ६० मिलिमीटरच्या आसपासचा व्यास होता आणि त्यावर ±०.०५ मिलिमीटर टाकलेलं. त्यांच्या गुणवत्ता विभागातल्या ताईंनी 'होणार नाही' असं म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "हे कशासाठी हवंय?" उत्तर असं की तिथे ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) बसते आणि ती बाहेरच्या व्यासावर दाबली जाते, त्यामुळे व्यास थोडा हलला तर रिंगेवरचा दाब बदलतो. हेड पॉलीप्रॉपिलीनचं, आणि हे प्लास्टिक असा माल आहे की तो साच्याच्या मापापेक्षा दीड-दोन टक्के आकसतो, आणि ते आकसणं माल, तापमान, दाब यांप्रमाणे हलत राहतं. ६० मिलिमीटरवर त्याला पाच शतांशात धरून ठेवायचं म्हणजे रोज सकाळी मशीनशी भांडण. ताई म्हणाल्या, मग रिंग व्यासावर कशाला, तोंडावरच दाबा की. म्हणजे ओ-रिंग सपाट पृष्ठभागावर खोबणीत बसवायची आणि समोरून स्क्रूने आवळायची. आता रिंग किती दाबली जाणार हे फक्त खोबणीच्या खोलीवर ठरतं, आणि दोन-अडीच मिलिमीटरची खोली साच्यात धरून ठेवणं अगदी सोपं. मोठ्या व्यासाचं टॉलरन्स ±०.२ वर गेलं आणि कुणाचंही काही बिघडलं नाही.

'कशासाठी हवंय?' हा प्रश्न माझ्या हिशेबात या सगळ्या पॅकेजचा गाभा आहे. तीन कोटेशनांच्या पद्धतीत हा प्रश्न विचारायला जागाच नसते. जो विचारेल त्याचं कोटेशन उशिरा येतं.

आता कौतुकाच्या दुसऱ्या बाजूला येतो. त्यांना मोल्डिंग कळतं, रसायन कळत नाही. हेडसाठी त्यांनी पॉलीप्रॉपिलीनऐवजी एसिटल हे दुसरं प्लास्टिक सुचवलं. मापं छान राहतात, कडक आहे, घासलं तरी झिजत नाही, सगळं खरं. पण क्लोरीन एसिटलला खातं, आणि आमच्या यादीत पहिल्याच पानावर हायपोक्लोराइट लिहिलेलं होतं. नायलॉनचंही तेच, ते तर पाणी पिऊन फुगतं वर. हे आमच्या बाजूच्या माणसाने पकडलं म्हणून बरं. पुरवठादार लवकर आला म्हणजे आपल्या डिझाइन विभागाला सुट्टी, असा समज कुणाचा असेल तर तो इथेच सोडून द्या. वापर आपल्याला माहीत असतो, प्रक्रिया त्याला.

याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण विमानाचं आहे. बोइंगने ७८७ च्या वेळी विमानाचे अख्खे तुकडे, त्यांच्या तपशीलवार डिझाइनसकट, पुरवठादारांवर सोपवले होते. पहिलं विमान मे २००८ मध्ये ग्राहकाच्या हातात द्यायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात दिलं गेलं सप्टेंबर २०११ मध्ये. उशिराची कारणं अनेक, पण जुळणीला आलेले तुकडे अर्धवट असणं हे त्यातलं ठळक. लवकर सामील करून घेणं आणि अंगावरून झटकणं यांत फरक आहे.

जपानी वाहनउद्योगात हे फार वर्षं चालत आलंय आणि त्यांच्याकडे त्याचे स्पष्ट प्रकार आहेत: काही भागांचं डिझाइन पूर्ण आपलं, पुरवठादार फक्त सल्ल्याला, काही दोघांनी मिळून, आणि काहींची फक्त गरज सांगायची, आत काय ते पुरवठादार ठरवेल. शेवटच्याला ब्लॅक बॉक्स म्हणतात. आम्ही मोटर ब्लॅक बॉक्स म्हणून घेतली: टॉर्क, वेग, आयुष्य, बाहेरची मापं एवढंच दिलं. हाऊसिंग आणि हेड दोघांनी मिळून. डायफ्राम मात्र पूर्ण आमच्याकडेच ठेवला, कारण पंपाचं सगळं मर्म तिथे आहे आणि ते दुसऱ्याच्या कपाटात मला नको होतं. कुठला भाग कुठल्या प्रकारात हे आधी कागदावर ठरवलं नाही, तर मोल्डिंगवाला डायफ्रामवर मत देत बसतो आणि मोटरवाल्याला आपण वाइंडिंग शिकवत बसतो.

पैशाकडे येतो, कारण माझं काम तेच. आम्ही सुरुवातीलाच लक्ष्य भाव सांगितला: पंप बाजारात कितीला जायला हवा, त्यातून मागे येत येत हाऊसिंगच्या वाट्याला किती उरतं. आमच्यातल्या जुन्या मंडळींना हे अजिबात रुचलं नाही. "आपला आकडा आधी सांगितला तर तो तिथेच येऊन थांबेल." पण डिझाइनवर मत द्यायला बोलवायचं आणि किती पैशात बसवायचंय ते दडवायचं, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचं. लक्ष्य माहीत असल्यामुळेच त्यांनी दोन ठिकाणी स्वतःहून सांगितलं की ही हौस या भावात बसत नाही, पितळी इन्सर्टऐवजी (स्क्रूसाठी प्लास्टिकमध्ये बसवलेल्या आट्यांच्या नळीऐवजी) थेट प्लास्टिकमध्ये जाणारे स्क्रू घ्या. झाकण क्वचितच उघडायचं आहे, चालून गेलं.

लक्ष्याच्या खाली जी बचत होईल ती निम्मी-निम्मी, असा करार होता. ही कल्पना आमची नव्हे. अमेरिकेतल्या क्रायस्लरने १९८९ मध्ये स्कोअर नावाची योजना सुरू केली, तिचा पाया हाच: खर्च कमी करण्याच्या युक्त्या पुरवठादाराने सुचवायच्या आणि फायदा वाटून घ्यायचा. नव्वदच्या दशकात त्यातून त्यांनी प्रचंड बचत केली आणि गाड्याही लवकर बाजारात आणल्या. १९९८ मध्ये कंपनी डेमलरमध्ये विलीन झाली. मग तोटा वाढला आणि डिसेंबर २००० मध्ये पुरवठादारांना कळवण्यात आलं की १ जानेवारी २००१ पासून सरसकट पाच टक्के भाव उतरवा. दहा वर्षं कमावलेला विश्वास असाच जातो. माझ्या व्यवसायातल्या प्रत्येक नव्या मुलाला मी ही गोष्ट सांगतो, आणि तो तिमाही संपत आली की विसरतो. वाटणीचा करार केला तर तो मंदीतही पाळायचा, नाहीतर करूच नये. पुढच्या वेळी काका बैठकीला येतील, पण पेन खिशातून काढणार नाहीत.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी: डिझाइन हळूहळू त्यांच्या मशीनकडे झुकतं. झाकणाची रुंदी काही मिलिमीटर कमी करा, अशी सूचना आली. कारण लिहिलं होतं 'साच्याचा आकार योग्य राहावा म्हणून'. मी खोदून विचारलं तेव्हा निघालं की मूळ रुंदीला त्यांच्या ज्या मशीनवर काम कमी आहे, तिच्या टायबारमध्ये, म्हणजे साच्याभोवतीच्या दांड्यांमध्ये, साचा बसत नव्हता. सूचना चुकीची नव्हती, साचा खरंच स्वस्त होत होता. पण कारण आधी सांगायला हवं होतं. त्यानंतर मी नियम केला: प्रत्येक सूचनेसमोर एक रकाना, 'ही सूचना दुसऱ्या कुठल्याही मोल्डरकडे लागू पडेल का?' हो किंवा नाही. हा रकाना आल्यावर सूचनांची भाषाच बदलली. ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांनी हा एक रकाना तरी नक्की उचलावा.

दुसरी: डिझाइन गोठल्यावर आलेला अंतिम भाव लक्ष्याच्या वर होता. फार नाही, पण होता. तोवर आपण इतके पुढे गेलेले असतो की दुसरीकडे जायची हिंमत होत नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक असतं. आमच्या हातात दोन गोष्टी होत्या म्हणून बोलणी झाली: अहवालाची मालकी आमची, आणि भावाची फोड उघडी. माल किती, मशीनचा तास किती, सायकल किती, नासाडी किती, वरखर्च किती. वाद शेवटी वरखर्चाच्या ओळीवर आला आणि तिथेच मिटला. फोड उघडी ठेवायला जो तयार नाही, त्याच्याबरोबर या वाटेने जाऊच नये. त्याच्याकडे तीन कोटेशनांचीच पद्धत बरी.

तिसरी तक्रार कारकुनी आहे पण तिने डोकं जास्त खाल्लं. काका आणि मॅडम फोनवर बोलून बदल ठरवायचे, दुसऱ्या दिवशी मॉडेलमध्ये बदल दिसायचा, आणि कुठल्या आवृत्तीत काय बदललं याची नोंद कुठेच नाही. त्यांचा प्रकल्प सांभाळणारा मुलगा मध्येच नोकरी सोडून गेला तेव्हा याची किंमत कळली; नव्या मुलाने एक आधीच बाद झालेली आवृत्ती टूलरूमला पाठवली. स्टीलला हात लागायच्या आत काकांनी ओळखलं. पॅकेजच्या माहितीपत्रकात 'संपूर्ण बदल-नियंत्रण' असं ठळक छापलंय. प्रत्यक्षात ते नियंत्रण म्हणजे काकांची स्मरणशक्ती. कापलेला गुण मुख्यतः याचा.

चौथी अर्धी तक्रार, अर्धं कौतुक. पॅकेज 'संपूर्ण असेंब्लीचा विचार' करतं असं म्हणतात, पण ते प्लास्टिकच्या पलीकडे बघत नाहीत. केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथे ती घट्ट धरणारा भाग) जिथे बसते तिथे नट आवळायला पाना फिरायलाच जागा नव्हती. केबलवाला पुरवठादार नेहमीप्रमाणे शेवटी आला आणि त्याने पहिल्याच नजरेत हे दाखवलं. पण झालं असं की ग्लँड अजून ठरलेली नाही हे पाहून काकांनी साच्याचा तेवढा कोपरा वेगळा इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारा सुटा तुकडा, म्हणून ठेवायला लावला होता. साच्यातून स्टील काढणं सोपं, परत भरायचं तर वेल्डिंग करावं लागतं. आणि प्लास्टिकमध्ये जागा वाढवायची म्हणजे साच्यात स्टील वाढवायचं. इथे फक्त इन्सर्ट नवा केला आणि काम भागलं. अनिश्चित कोपरे आधीच ओळखून वेगळे ठेवणं, ही गोष्ट कुठल्याच अहवालात छापून येत नाही.

झाकणाच्या वाकण्याबद्दल थोडक्यात, कारण मोल्डफ्लोचा खरा उपयोग मला तिथे दिसला. झाकण काचतंतू मिसळलेल्या पॉलीप्रॉपिलीनचं. तंतू ज्या दिशेने वाहतात त्या दिशेला माल कमी आकसतो, आडवा जास्त. आम्ही गेट, म्हणजे साच्यात प्लास्टिक शिरायचं तोंड, मधोमध धरलं होतं, लेबलखाली लपेल म्हणून. सिम्युलेशनमध्ये तंतू चहूकडे पसरले आणि झाकण पिळवटलं. गेट खालच्या आखूड कडेला नेलं, माल लांबीच्या दिशेने एकसारखा वाहू लागला, सपाटपणा गॅस्केटला चालेल इतका आला. गेटची खूण खाली जमिनीकडे तोंड करून राहते, कुणाला दिसत नाही. पहिल्या ट्रायलच्या झाकणावर सरळपट्टी ठेवून पाहिली तर सिम्युलेशनने सांगितलं होतं त्याच कोपऱ्यात, थोडी जास्त, फट होती. दिशा बरोबर, प्रमाण चुकलेलं. सिम्युलेशनकडून इतकीच अपेक्षा ठेवावी.

एकाच पुरवठादारावर अवलंबून राहण्याची भीती खरी आहे आणि ती या पद्धतीत वाढते. १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिन या जपानी सुट्या भागांच्या कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह नावाचा एक लहानसा भाग टोयोटा जवळजवळ पूर्णपणे तिथूनच घ्यायची. काही दिवसांत टोयोटाच्या बहुतेक लाइन थांबल्या. गंमत म्हणजे त्या सावरल्याही आठवड्याभरात, कारण इतर पुरवठादारांनी आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला. रोग आणि औषध दोन्ही त्याच जवळिकीत. आमच्यासारख्या लहान कंपनीसाठी कोण इतकी धावाधाव करणार? म्हणून आम्ही करारात घातलं की साचा आमच्या मालकीचा, त्यावर आमचा क्रमांक कोरलेला, साच्याची ड्रॉइंग आमच्याकडे, आणि ठरावीक नोटीस देऊन तो हलवायचा हक्क. आणि हो, तो रकाना: फक्त त्यांच्याच मशीनला लागू पडणाऱ्या सूचना आम्ही मोजक्याच स्वीकारल्या.

ही सेवा सगळ्यांसाठी नाही. कॅटलॉगमधून उचलायच्या वस्तूंना, म्हणजे स्क्रू, बेअरिंग, ठरावीक मापाच्या ओ-रिंगा, यांना कसला आलाय सुरुवातीचा सहभाग. तिथे भाव विचारा आणि घ्या. जुन्याच साच्यात किरकोळ बदल असेल तरी फी वाया. आणि ज्यांच्या कंपनीत डिझाइनवाले आणि खरेदीवाले एकमेकांशी मेलवरूनच बोलतात, त्यांनी बाहेरचा माणूस आत आणण्याआधी तो प्रश्न सोडवावा. काकांच्या बैठकीला मी खरेदीतून गेलो होतो म्हणून लक्ष्य भाव तिथल्या तिथे टेबलावर आला. अनेक ठिकाणी खरेदीवाल्याला बोलावतच नाहीत, भाव बिघडवेल म्हणून.

निवडताना माहितीपत्रक वाचू नका. टूलरूम बघायला मागा, आणि तिथे चकचकीत नमुन्यांच्या कपाटाऐवजी नाकारलेल्या मालाचा डबा दाखवा म्हणा. त्यातला एक भाग उचलून विचारा, हा का नाकारला. ज्याने नाकारला त्याच्या तोंडून सरळ उत्तर आलं, तर तिथे फी द्यायला हरकत नाही.

पुढच्या मॉडेलला आम्ही पुन्हा याच कंपनीला घेतलंय. बदलांची नोंद या वेळी आमच्याकडे राहील आणि आमच्या आवृत्ती क्रमांकाशिवाय टूलरूमने काही उघडायचं नाही, हे करारातच लिहिलंय. केबलवाला पहिल्या बैठकीपासून टेबलावर असेल. त्याने फी मागितलेली नाही, त्यामुळे त्याच्या सूचना मी जरा जपूनच ऐकणार आहे.